अव्वल कारकून, मुक्काम अलास्का

मराठी माणसे चारांहून अधिक संख्येने एकत्र प्रवासास निघाली, की त्यांच्यातून एक कारभारी आपोआप उत्पन्न होतो. त्याची निवडणूक होत नाही, त्याचे नाव कोणी सुचवीत नाही आणि अनुमोदनाचा तर प्रश्नच उद्भवत नाही, एस.टी. अजून फलाटाला लागलेली नसते तोच हा गृहस्थ हातात यादी घेऊन सामानाचे नग मोजू लागलेला असतो, आणि इतर मंडळी, मनातून कितीही चडफडत असली तरी, त्याच्यापुढे आपापल्या पिशव्या ओळीने मांडीत असतात. वारी असो, काशीयात्रा असो, लग्नाचे वऱ्हाड असो, कारभारी सर्वत्र तोच. प्रवास कोठून कोठे आहे याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. माणसे, नग आणि वेळ यांचा मेळ घालणे हे त्याचे अवतारकार्य असते, आणि तो मेळ सायंकाळी बसला, की त्या दिवशी ताजमहाल पाहावयाचा राहून गेला तरी त्याला सुखाची झोप लागते.

या वर्गाचा जो सर्वोत्कृष्ट नमुना माझ्या पाहण्यात आला, ते आमच्या जालन्याचे बापूसाहेब. वडील निजामी अमदानीतले पटवारी, चुलते गिरदावर, आणि स्वतः बापूसाहेब तहसील कचेरीत कारकून म्हणून चिकटून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातले परतूर हे तालुके काढून जालना जिल्हा निर्माण झाला, तेव्हा दफ्तराच्या वाटणीत मालमोटारीतून जे रुमाल आले ते मोजून उतरवून घेणाऱ्यांत तरुण बापूसाहेब होते. जिल्हा सरकारने निर्माण केला, असा लोकांचा समज आहे. बापूसाहेबांच्या मते तो त्यांनी उतरवून घेतला. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पण कचेरीने बापूसाहेबांना सोडले नाही. घरात वाण्याची यादी झाली तरी तिच्यावर जावक क्रमांक पडे, आणि नातवाने शाळेतून आणलेल्या प्रगतिपुस्तकावर ‘पाहिले, समाधानकारक’ असा शेरा मारून ते खाली आद्याक्षरी करीत.

अशा गृहस्थाला त्याच्या चिरंजीवाने अलास्क्याला न्यावे, हा योग लोकविलक्षण खरा, पण आता तो दुर्मिळ राहिलेला नाही. जालन्याच्या बियाण्यांच्या कारखान्यांनी आणि लोखंडाच्या भट्ट्यांनी घराघरांतून पैसा खेळविला, त्या पैशाने मुले पुण्या-मुंबईस शिकली, शिकून अमेरिकेस गेली, आणि तेथे स्थिरावल्यावर आईबापांना उन्हाळ्याच्या सुटीत काय दाखवावे, या विवंचनेत पडली. नायगारा झाला, न्यूयॉर्कची पुतळाबाई झाली, लास व्हेगास हे आईबापांना दाखविण्याचे स्थळ नव्हे. तेव्हा उत्तरेकडचे अरण्य, हिमनद्या आणि समुद्रातले प्राणी दाखवावेत, असे चार मित्रांनी ठरविले. चौघांचे आईबाप, चौघांची बायकामुले आणि कन्येच्या आश्रयाने गेलेला मी, असा हा जथा दोन मोठ्या भाड्याच्या गाड्यांतून अँकरेजहून निघाला. आईबापांत बापूसाहेब व त्यांच्या सौभाग्यवती माई, परतूरचे एक वकीलसाहेब, अंबडचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत, आणि त्या दोघांच्या घरची मंडळी होती. कारभारी कोण, हे विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशीच ठरून गेले होते, कारण तेथे बापूसाहेब हात वर करून ‘कोणी हलायचं नाही’ असे म्हणाले, आणि आम्ही हललो नाही.

त्याच्याही आधी, अमेरिकेत पाऊल ठेवताक्षणी, एक प्रकरण घडून गेले होते. जालन्याची मोसंबी म्हणजे बापूसाहेबांचा प्राण. तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते. त्यांतली निवडक फळे त्यांनी नातवासाठी सदऱ्यांच्या घड्यांत दडवून नेली, आणि ताजी फळे परदेशातून आणू देत नाहीत या नियमानुसार ती तेथल्या अधिकाऱ्याने काढून घेतली. फळे गेल्याचे दुःख त्यांनी गिळले. परंतु जप्तीचा पंचनामा झाला नाही, मुद्देमालाची यादी झाली नाही आणि पावती मिळाली नाही, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली. ‘एवढा मोठा देश आणि कागद नाही?’ असे ते कितीतरी दिवस अधूनमधून स्वतःशी पुटपुटत.

अँकरेजहून सेवर्डला जाणारा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा. डाव्या हाताला सरळ उभे कडे, उजव्या हाताला टर्नअगेन आर्म नावाची समुद्राची चिंचोळी भुजा, तिच्यात ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा राखी चिखल, आणि पलीकडे बर्फाच्छादित पर्वतांची ओळ. १७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे येथवर येऊन, पुढे वाट नाही म्हणून, परत फिरली. ही माहिती वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचून दाखविली, तेव्हा बापूसाहेब पुढच्या आसनावरून मागे वळून म्हणाले, ‘रस्ता नाही हे बघायला जागेवर कामून यावं लागतं? आधी नकाशा काढायचा.’ त्यांच्या मांडीवर हिरव्या कापडात बांधलेला रुमाल होता. त्यात दौरा कार्यक्रमाच्या कार्बन लावून काढलेल्या प्रती, हजेरीपट, खर्चाची कीर्द आणि रोजनामा. प्रत्येक थांब्यावर, मंडळी गाडीतून उतरताना एकदा आणि चढताना एकदा, हजेरी होई. सुना आधी हसल्या, मग वैतागल्या. आणि पोर्टेजपाशी एका घरची धाकटी मुलगी स्वच्छतागृहात राहून गेली आहे हे हजेरीमुळेच लक्षात आले, त्यानंतर मुकाट्याने ‘हजर’ म्हणू लागल्या. कारभाऱ्यांचे साम्राज्य याच रीतीने उभे राहते. वर्षातून एकदा त्यांचा उपयोग होतो, आणि तेवढ्या भांडवलावर ते उरलेले वर्ष राज्य करतात.

अलास्का हा प्रदेश बापूसाहेबांनी पाहण्यापूर्वी त्याची मालकी तपासली. रशियाने हा मुलूख अमेरिकेला ७२ लक्ष डॉलरांस विकला, करारावर सही ३० मार्च १८६७ रोजी झाली, प्रत्यक्ष ताबा त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी सिटका येथे देण्यात आला, आणि पैसे मात्र १८६८ च्या ऑगस्टात चुकते झाले, हे चिरंजीवांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी गाडी थांबवावयास सांगितले. ‘म्हणजे भरणा होण्याआधी ताबा दिला?’ त्यांनी विचारले. रशियाच्या झारबद्दल त्यांचे मत त्या क्षणापासून कायमचे वाईट झाले. एकरी दोन सेंटच्या आसपास भाव पडला, हे कळल्यावर तर त्यांनी ‘मूल्यांकन कमी दाखवून मुद्रांक बुडवलेला दिसतो’ असा निर्णय दिला. साडेपाच महाराष्ट्र मावतील एवढा हा प्रदेश, आणि वस्ती सात लाखांच्या थोडी वर, म्हणजे जालना जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. तेव्हा क्षितिजापर्यंत पसरलेल्या त्या अरण्याकडे, दलदलीकडे आणि हिमशिखरांकडे हात फिरवून बापूसाहेब म्हणाले, ‘सगळा पोटखराबा.’ लागवडीस अयोग्य क्षेत्रासाठी असलेला हा सात-बारावरचा रकाना एवढ्या ऐश्वर्यावर एवढ्या शांतपणे कोणी चिकटविला नसेल.

परंतु याच चौकशीत त्यांनी एक प्रश्न असा विचारला, की गाडीतल्या सुशिक्षितांपैकी कोणाच्याही तो मनात आला नव्हता. ‘विकणारा रशिया, घेणारा अमेरिका, मूळ कुळांचं काय झालं?’ चिरंजीवांनी फोनवर शोधून सांगितले, की शंभराहून अधिक वर्षांनी, १९७१ साली, कायदा झाला, आणि त्यान्वये तेथल्या मूळ रहिवाशांना सुमारे साडेचार कोटी एकर जमीन व ९६ कोटींच्या वर डॉलर देण्याचे ठरले. बापूसाहेबांनी आमच्याकडचा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० चा, एकवीस वर्षे आधीचा, हे सर्वांच्या निदर्शनास आणले. त्यानंतर मुक्कामापर्यंत ते अत्यंत प्रसन्न होते.

सेवर्डजवळ हार्डिंग हिमक्षेत्र म्हणून बर्फाचे एक विस्तीर्ण पठार आहे. त्यातून सुमारे चाळीस हिमनद्या निघतात, आणि त्यांतल्या ‘एक्झिट’ नावाच्या एकीच्या पायथ्यापर्यंत मोटार जाते. १९६८ मध्ये हे पठार प्रथमच ओलांडून आलेली मंडळी या हिमनदीवरून खाली उतरली, म्हणून तिला ते नाव पडले. तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, आणि पुढे पायवाटेवर, लहानलहान पाट्या आहेत. त्यांवर मजकूर काही नाही, केवळ साल. त्या सालापर्यंत बर्फ येथवर होता, एवढाच त्यांचा अर्थ. आमच्यातल्या तरुणांनी पहिली पाटी गाडीच्या वेगात पाहिली आणि सोडून दिली. बापूसाहेबांनी मात्र ‘थांबव’ असा हुकूम दिला, उतरून पाटीभोवती एक फेरी मारली, तिच्यामागे मान वाकवून पाहिले आणि मोठ्या समाधानाने जाहीर केले, ‘शिवेचा दगड आहे.’

त्यापुढे प्रत्येक पाटीपाशी दोन्ही गाड्या थांबल्या. १९१७ झाले, १९२६ झाले, १९५१ झाले. पायवाटेने चालत गेलो तेव्हा २००५ आले, आणि २०१० चा खांब ओलांडून उंचावर गेलो तरी हिमनदी आणखी मागेच होती. सपाट टोपी घातलेली एक वनरक्षक मुलगी तेथे उभी होती, आणि जगभरचे पर्यटक तिला नेहमीचे प्रश्न विचारीत होते. बापूसाहेबांनी सूनबाईंकरवी तिला विचारले, ‘नदी मागं सरकली तेव्हा जी मळईची जमीन उघडी पडली, ती कोणाच्या नावावर लागली?’ प्रश्न इंग्रजीत उतरविताना सूनबाईंना घाम फुटला. पण मुलगी हुशार होती. ती म्हणाली, की जमीन राष्ट्रीय उद्यानाची, परंतु पहिला ताबा शेवाळ्याचा. त्यामागून आल्डरची झुडपे येतात, मग कॉटनवूडचे वृक्ष, आणि पुष्कळ वर्षांनी स्प्रूसचे रान. कोणत्या जागी काय उगवले आहे हे पाहून बर्फ तेथून कधी हटला याचा अंदाज बांधता येतो. ‘म्हणजे पीकपाहणी,’ बापूसाहेब म्हणाले, आणि त्यांनी त्या मुलीला हात जोडून नमस्कार केला. अमेरिकेत आल्यापासून त्यांना खात्याचे माणूस प्रथमच भेटत होते.

खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामा २०१५ साली ही नदी पाहून गेले, असे ती पुढे म्हणाली. ‘म्हणजे बड्या साहेबाचा दौरा होऊन गेलेला आहे,’ बापूसाहेब आमच्याकडे वळून म्हणाले, ‘आणि तरी नदी मागंच.’ २०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव, निजामी अमदानीत बांधलेला आणि जालना शहराला पाणी पाजणारा, तळाला गेला, तेव्हा याच बापूसाहेबांनी टँकरच्या खेपांचे तक्ते भरले होते, आणि पुढे नागरिकांनी त्यातला गाळ उपसावयास घेतला तेव्हा रविवारी जाऊन उपसलेल्या गाळाच्या ब्रासांचा हिशोबही, कोणी सांगितलेले नसताना, ठेवला होता. तो माणूस आता बर्फाच्या त्या निळ्या भिंतीसमोर उभा राहून ओठ हलवीत होता. माझी समजूत झाली, की स्तोत्र म्हणत असावेत. जवळ गेलो तर ते म्हणत होते, ‘बारा हजार लिटरचा एक, असे धरले तर…’ आणि मग आकडा हाताबाहेर गेल्यामुळे त्यांनी नाद सोडला व सूनबाईंना म्हणाले, ‘तिला विचार, आमच्याकडं पैसेवारी पन्नाशीच्या खाली आली की टंचाई जाहीर होती. यांची कितीवर आलीय?’ हा प्रश्न सूनबाईंनी विचारला नाही. मला अजून वाटते, विचारावयास हवा होता.

दुसऱ्या दिवशी समुद्र. सेवर्डच्या बंदरातून होड्या केनाई फियोर्डच्या उद्यानात जातात; कडे समुद्रात उभे बुडालेले, कड्यांवर पफिन पक्षी, ज्यांच्या चोचीचे रंग पाहून नवरात्रातल्या सोंगांची आठवण व्हावी, खडकांवर आळसावलेले आणि एकमेकांवर डरकाळणारे सागरसिंह, आणि पाण्यावर उताणे तरंगणारे समुद्री पाणमांजर. छातीवर पंजे जुळवून, पायांची बोटे वर काढून, आजूबाजूला चाललेल्या गडबडीकडे अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहत पडलेला तो प्राणी निवृत्तीनंतर ओसरीवरच्या आरामखुर्चीत पहुडलेल्या कोणत्याही राजपत्रित अधिकाऱ्यासारखा दिसत होता. बापूसाहेबांनी त्याच्याकडे बराच वेळ, काहीशा असूयेने, पाहिले.

आणि मग देवमासा आला. कुबड्या जातीचे हे देवमासे हिवाळा हवाई बेटांकडच्या उबदार पाण्यात काढतात आणि उन्हाळ्यात खाण्यासाठी हजारो मैल पोहून इकडे येतात. कप्तानाने ध्वनिक्षेपकावरून खूण सांगताच सारी होडी उजव्या कठड्याकडे धावली. एवढी माणसे एका बाजूला गेली तर होडी कलंडेल, ही रास्त शंका बापूसाहेबांना आली, आणि ते समुद्राकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, मंडळींना थोपवीत हजेरी घेऊ लागले. ‘वकीलसाहेब! गुरुजी! सूनबाई, पोरगी कुठंय?’ त्यांच्या पाठीमागे, शंभर हातांवर, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा तो जीव पाण्यातून सबंध वर आला, क्षणभर हवेत तोलला गेला आणि धाडकन कोसळला. गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि हात जोडून म्हणाले, ‘आमच्या अंबडच्या मत्स्योदरीचा डोंगर माशाच्या आकाराचा आहे म्हणतात, आज मला तो हललेला दिसला.’ वकीलसाहेबांना शब्द फुटेना, ही घटना परतूरच्या न्यायालयात कोणी सांगितली असती तर तिच्यावर विश्वास बसला नसता. बापूसाहेब वळले तोवर पाण्यावर फेसाचे एक वर्तुळ राहिले होते.

कोणाही दुसऱ्याने हळहळ केली असती. बापूसाहेबांनी रुमाल सोडला, रोजनामा काढला आणि पाच जणांना समोर उभे करून पंचनामा लिहिला : ‘आम्ही खाली सह्या करणार पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की, आज रोजी दुपारी समुद्रात, डोंगराच्या कड्यापासून अंदाजे दोन फर्लांगांवर, मौजे सेवर्डच्या शिवारात, एक देवमासा पाण्याबाहेर आलेला पाहिला.’ चतुःसीमा घातल्या : पूर्वेस होडी, पश्चिमेस कडा, उत्तरेस हिमनदी, दक्षिणेस महासागर. पंचांच्या सह्या झाल्या, आणि त्या क्षणापासून, आपण देवमासा पाहिला याविषयी बापूसाहेबांच्या मनात तिळमात्र संदेह राहिला नाही. कायद्याने पाहिले ते पाहिले. पुढे आयलिक हिमनदीसमोर होडी यंत्रे बंद करून उभी राहिली, बर्फाचा एक प्रचंड तुकडा निःशब्दपणे सुटून पाण्यात पडला आणि त्याचा गडगडाट काही क्षणांनी आमच्यापर्यंत आला, तेव्हा ‘आधी घटना, मग खबर’ असा शेरा त्यांनी मारला. हा तेवढा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मारला.

सेवर्डहून आम्ही उलट्या दिशेने, उत्तरेस, डेनालीच्या उद्यानाकडे निघालो. मध्ये ज्येष्ठातली संकष्टी आली. माईंनी राजूरच्या गणपतीला बोललेला संकष्टीचा उपवास आजवर कधी चुकविलेला नव्हता, आणि तेथे तर सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळत होता व चंद्रोदय मध्यरात्र उलटून बऱ्याच वेळाने होता. वयोमानाने एवढा वेळ उपाशी राहणे बरे नव्हे, म्हणून बापूसाहेबांनी आदल्या रात्री हे प्रकरण निकालात काढले. युक्तिवाद असा : नवस राजूरच्या गणपतीला, राजूर भोकरदन तालुक्यात, तालुका जालना जिल्ह्यात, सबब या व्रतास अधिकारक्षेत्र जालन्याचे. जालन्यात चंद्र रात्री दहाच्या सुमारास उगवतो. तेव्हा अलास्क्यात सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. यास्तव उपवास सकाळी साडेआठला सोडण्यास हरकत नाही. वकीलसाहेबांना या निकालावर अपील करण्याजोगी त्रुटी सापडेना.

माईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘मंग तुमच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्याबी जालन्याच्याच टायमाला देत जाऊ का?’ आणि त्यांनी दिवसभर उपवास केला.

त्या रात्री, ज्याला तेथे रात्र म्हणण्याची पद्धत आहे त्या संधिप्रकाशात, सारे झोपलेले असताना माई शाल पांघरून आमच्या लाकडी घराच्या पायरीवर चंद्राची वाट पाहत बसल्या. चंद्र उगवला, त्याला त्यांनी तांब्यातून अर्घ्य दिले, आणि खाली ठेवलेल्या ताटलीतला शेंगदाण्याचा लाडू उचलणार, तोच समोरच्या झाडीतून एक तपकिरी अस्वल बाहेर आले, वाटेच्या मधोमध उभे राहिले, माईंकडे पाहून नाक वर करून हुंगले आणि जिकडून आले तिकडे परत गेले. अस्वलासाठी आम्ही काय केले नव्हते! दुर्बिणी आणल्या होत्या. पायवाटेने मोठ्याने बोलत चालावे म्हणजे अस्वल चपापत नाही, हा तेथला नियम मराठवाड्याच्या मंडळींनी आनंदाने, किंबहुना नियमापलीकडे जाऊन, पाळला होता. तिखटाचा फवारा मारावयाची एक नळकांडीही विकत घेतली होती, ती विमानातून नेता येत नाही हे कळल्यावर पुढे एका अनोळखी तरुणाला फुकट देण्यात आली, आणि त्या तरुणाकडून बापूसाहेबांनी पोचपावतीवर सही घेतली. एवढ्या सिद्धतेनंतर अस्वल दिसले ते एकट्या माईंना.

सकाळी चहाच्या वेळी त्यांनी ही हकीकत सांगितली. मुलांनी आरडाओरडा केला, सुनांनी त्यांच्या कुशीत शिरून ‘भीती नाही वाटली?’ असे विचारले. बापूसाहेबांनी रोजनामा उघडला, लेखणी हातात घेतली आणि विचारले, ‘पंच कोण होतं?’

‘पंच कुठले? मी होते, अस्वल होतं.’

‘मग नोंद घेता येत नाही.’ आणि त्यांनी लेखणीला टोपण लावले. माई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी डब्यात बापूसाहेबांच्या वाट्याला ठेचा आला नाही.

डेनालीच्या उद्यानात खासगी गाडी पंधरा मैलांपर्यंतच जाऊ देतात, पुढे बसने जावे लागते. आणि बसही निम्म्याच वाटेवर थांबते, कारण २०२१ च्या ऑगस्टात दरड सरकून रस्ता तुटला, तो अद्याप बंद आहे व तेथे पुलाचे काम चालू आहे. पुलाचे काम चालू आहे, या वाक्यात बापूसाहेबांना माहेरचा सूर ऐकू आला. रानात मूस नावाचे अजस्र सांबर दिसले, कॅरिबू दिसले, दूरच्या कड्यावर पांढरे ठिपके दिसले, ते मेंढ्यांचे की दगडांचे, यावर वकीलसाहेबांनी अर्धा तास उलटतपासणी केली. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा तो वीस हजार फुटांहून अधिक उंचीचा पर्वत मात्र ढगांआड होता. येणाऱ्या दहांपैकी जेमतेम तिघांना तो दर्शन देतो, असे तेथे म्हणतात. त्याच्या नावाचाही इतिहास ऐकून घेतला. सरकारी दफ्तरी तो मॅकिन्ली. राज्याने १९७५ मध्ये तेथल्या लोकांच्या बोलीतले डेनाली हे नाव लावले. केंद्राने २०१५ मध्ये ते मान्य केले. आणि २०२५ च्या जानेवारीत केंद्राने पुन्हा मॅकिन्ली केले. उद्यानाचे नाव मात्र डेनालीच. नामांतराच्या गावांतून आलेल्या आम्हां मंडळींत यावर कोणी चर्चा उकरून काढली नाही, हे शहाणपण. बापूसाहेबांनी रोजनाम्यात एवढेच लिहिले : ‘फेरफार प्रलंबित. पर्वत गैरहजर. पुढील तारीख.’

जालन्यास परतल्यावर त्यांनी दौऱ्याचा अहवाल तयार केला. परिशिष्टे, पंचनामे आणि खर्चाचा ताळेबंद यांसह. ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत तो वाचला गेला, आणि रशियाने भरण्याआधी ताबा दिल्याच्या भागाला टाळ्याही मिळाल्या. परंतु त्याच सुमारास, भिंतीपलीकडच्या खोलीत, माईंभोवती गल्लीतल्या बायका कोंडाळे करून बसल्या होत्या, आणि हळूहळू अहवालाच्या श्रोत्यांपैकी एकेक जण पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून तिकडे जाऊ लागला. पुढच्या आठवड्यात तर लोक बापूसाहेबांच्या घरी येत, त्यांना नमस्कार करीत आणि विचारीत, ‘माई आहेत का? अस्वलाचं ऐकायचं होतं.’ दफ्तरात नसलेली गोष्ट गावात एवढी रुजावी, आणि दफ्तरात असलेला देवमासा कोणी विचारू नये, हा पेच बापूसाहेबांनी बरेच दिवस सोसला.

शेवटी त्यांनी कायद्यातून वाट काढली. अस्वलाची नोंद फेरफाराने घेण्याचे ठरवून त्यांनी कच्ची नोंद लिहिली : ‘अर्जदारीण यांचे तोंडी जबाबावरून अस्वल, नग एक,’ आणि नियमाप्रमाणे हरकती मागविण्यासाठी पंधरा दिवसांची नोटीस घराच्या दारावर लावली. वकीलसाहेबांनी परतूरहून फोनवर ‘हरकत नाही’ असे कळविले. गुरुजींनी अंबडहून पत्र पाठविले. मीही पोच दिली. मुदत संपता संपता एकच हरकत दाखल झाली, ती माईंची : अस्वल एक नव्हते, मागून पिल्लू होते, ते नोंदीत सुटलेले आहे.